धाव, डनलॉप आणि रेडियल : बालाघाटच्या रस्त्यावरचा टायर

इतिहास मंडळात टायरवर निबंध कशाला, असं दोघातिघांनी विचारलंच. लांजीचा किल्ला, गोंड राजवट, मँगनीजच्या खाणी हे आपले नेहमीचे विषय. पण माझा भाचा रोज बालाघाटहून गोंदियाला कामावर जातो. एम.पी. ५० ची पाटी लावलेली त्याची स्विफ्ट सकाळी एम.एच. ३५ च्या मुलखात जाते आणि रात्री परत येते. गाडी चपळ, हातही चपळ. टायर बदलायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "मामा, उन्हात चिकटून चालेल, पावसात घसरणार नाही आणि खिशालाही झेपेल असा टायर कोणता?" विचार करू लागलो तसं लक्षात आलं की हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने याआधीही दोनदा सोडवलेला आहे. म्हणून हा निबंध.

पहिला टायर लोखंडाचा. त्याला आपण धाव म्हणतो. बंडीचं चाक सुतार करायचा : मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरचा लाकडी घेर. त्या घेरावर चढवायची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती मुद्दाम घेरापेक्षा थोडी लहान करायची. मग गोवऱ्या-लाकडांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापलं की लोखंड फुगतं. फुगलेली धाव सांडशांनी उचलून चाकावर बसवायची, ठोकायची आणि लाकूड पेटायच्या आत वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक आवळून धरतं. खिळ्यांपेक्षा ही पकड पक्की. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की धाव सैल पडे आणि चाक खडखडू लागे. म्हणून गाडीवान रात्री चाक पाण्यात बुडवून ठेवत. ऋतू बघून चाक सांभाळायचं हे शहाणपण तेव्हापासूनचं आहे.

त्या काळीही गाड्या दोन तऱ्हेच्या होत्या. धान वाहायला जड बंडी. पाहुण्याकडे, बाजाराला किंवा लग्नाला जायला हलकी रेंगी नाहीतर दमणी. रेंगीची चाकं हलकी, बैल चपळ, आणि मालकाला तिचा तोरा असायचा. आजच्या भाषेत बोलायचं तर रेंगी ही 'स्पोर्टी' गाडी, तीही रोजच्या वापरातली. शंकरपटाची गाडी आणखी हलकी, पण तिच्यात बसून कोणी बाजार करत नाही. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

धावेचा दोष रस्त्याला भोगावा लागे. भरलेल्या बंडीचा सगळा भार दोन-अडीच इंच रुंदीच्या लोखंडावर येतो. लोखंड दबत नाही, म्हणून रस्ता दबतो. चाकं पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरून जी खोल रेघ पडते तिला मराठीत चाकोरी म्हणतात. 'चाकोरीबाहेर जाणं' हा शब्दप्रयोग या धावेनेच आपल्याला दिला आहे. बांधीतल्या चिखलात चाकोरी चालून जाई, पण खडीच्या रस्त्याचं ती वाटोळं करी. पुढे मोटारी आल्या तेव्हा रस्त्यांचा प्रश्न देशभर चर्चेला आला. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. मुंबईचे हे मराठी बॅरिस्टर, आणि देशाच्या रस्तेधोरणाची सुरुवात त्यांच्या समितीच्या अहवालापासून धरतात. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ मध्ये सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची 'नागपूर योजना' ठरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही उतरंड तिथली. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची, म्हणजे आपल्या बालाघाटचीही राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. रस्ता मात्र तोच राहिला.

मधे रेल्वेचाही एक टायर आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी लाइन आणली. तिच्या वाफेच्या इंजिनांच्या चाकांवरही पोलादी कडं चढवलेलं असे, त्याचं नावच टायर. तेही तापवून, फुगवून बसवायचं आणि निवलं की घट्ट. बंडीची धाव आणि इंजिनाचा टायर यांची रीत एकच. नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयात गेलात तर इंजिनाच्या चाकाचा तो कडा जरूर न्याहाळा.

दुसरा टायर रबराचा. हवा भरलेल्या टायरची पहिली कल्पना १८४५ ची, स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन याची. पण ती मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती पुन्हा शोधली. डनलॉप पेशाने गुरांचा डॉक्टर. आणि गंमत बघा, त्याच्या शोधाने पुढे आपल्याकडच्या गुरांचंच ओझं हलकं केलं. १९३६ मध्ये बंगालात हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला. बैलगाडीला रबरी टायर लागू लागले, आणि उत्तरेत तर त्या गाडीलाच 'डनलप' म्हणू लागले. आपल्याकडे ती टायरगाडी. रबर दबतं, भार पसरतो, रस्ता वाचतो आणि त्याच बैलजोडीकडून जास्त माल ओढला जातो. पण टायरगाडी महाग, पंक्चरची कटकट वेगळी. म्हणून धाव कितीतरी वर्षं टिकून राहिली. 'स्वस्त काय?' हा प्रश्न तेव्हाही 'चांगलं काय?' याच्या आधी यायचा.

महायुद्धात जपानने मलाया घेतला आणि रबराचे मळे दोस्तराष्ट्रांच्या हातून गेले. टायर सोन्यासारखा जपायची सवय त्या पिढीला तिथून लागली. स्वातंत्र्यानंतर देशी नावं पुढे आली. १९४६ मध्ये मद्रासला खेळण्यातले फुगे बनवणारं छोटं दुकान म्हणून सुरू झालेली एम.आर.एफ., १९५८ मध्ये मुंबईची सिएट, सत्तरच्या दशकात अपोलो आणि जे.के. अँबेसेडरच्या टायरवर ५.९०-१५ असं लिहिलेलं असे : रुंदी ५.९० इंच, रिम १५ इंच. बस्स, निवड संपली. दुकानात जो असेल तो घ्यायचा.

तो टायर आडव्या-तिरप्या धाग्यांचा. त्याच्या पोटातले कापडी थर एकमेकांवर तिरपे घातलेले असत. टायर फिरताना ते एकमेकांवर घासत आणि तापत. रेडियलमध्ये धागे सरळ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातात आणि वरून पोलादी पट्टा असतो. याचं पेटंट मिशलिनने १९४६ मध्ये घेतलं. बाजू लवचीक, माथा ताठ. त्यामुळे टायर कमी तापतो, वळणावर रस्ता धरून ठेवतो, आणि जास्त चालतो. भाच्याचा प्रश्न या तिसऱ्या टायरचा.

आता 'समर टायर' या शब्दाबद्दल. युरोपात थंडी ७ अंशांच्या खाली गेली की रबर कडक होतं, म्हणून तिथे हिवाळ्याचे मऊ टायर वेगळे असतात. बाकीचे बहुतेक 'समर'. त्यात ऊन आलं आणि पाऊसही आला. आपल्याकडे मलाजखंडला थंडीच्या रात्री पारा घसरतो खरा, पण बर्फ नाही. तेव्हा आपल्या दुकानात टांगलेला जवळजवळ प्रत्येक टायर समर टायरच आहे. वेगळा शोधत फिरायला नको. बघायचं ते एवढंच की मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरावर तो टिकतो का आणि जुलैच्या पाण्यात पकडतो का. नक्षीच्या खोल खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठीच असतात. कोरड्या रस्त्यावर जास्त रबर टेकावं म्हणून उथळ खाचांचे जे शर्यतीचे टायर येतात, ते म्हणजे शंकरपटाची गाडी. रोजच्या रेंगीला ते नकोत.

भाच्याच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं आहे. १८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के उंचीची बाजू, आर म्हणजे रेडियल, १५ इंची रिम. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा, व्ही म्हणजे २४०. एवढ्या वेगाने इथे कोणी जात नाही, जाऊही नये. पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसेल असा बांधलेला असतो, म्हणून गाडीला कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये.

त्याचा मित्र म्हणाला, रुंद टायर टाक, गाडी शोभेल. हिशोब मांडू. मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर. १९५/६० घेतला तर ६१५, म्हणजे साधारण एक टक्का कमी आणि गाडी तीनेक मिलिमीटर खाली. चालेल. २०५/५५ घेतला तर ६०६.५, म्हणजे जवळपास अडीच टक्के कमी आणि गाडी साडेसात मिलिमीटर खाली. स्पीडोमीटर खरा वेग सांगत नाही, बाजू आखूड झाल्याने खड्ड्यात रिम वाकते, आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. मी सांगितलं : मूळ मापच ठेव, फार तर १९५/६०.

मग मऊपणा. मऊ रबर चिकटतं, पण झिजतं. काही टायरवर 'ट्रेडवेअर' म्हणून आकडा असतो. २०० च्या आसपासचा मऊ, ४०० च्या वरचा टिकाऊ. हा आकडा कंपनी स्वतः काढते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायलाच तो बरा. बालाघाट-गोंदिया एका बाजूने चाळीसेक किलोमीटर. रोज ऐंशी, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर २४,००० किलोमीटर. मऊ टायर एवढ्यात संपत येईल. म्हणून मधली पायरी बरी : अपोलोचा अल्नॅक, सिएटचा सिक्युराड्राइव्ह, योकोहामाचा अर्थ-१ या वर्गातले टायर. शर्यतीचे नव्हेत, आणि नुसते मायलेजवालेही नव्हेत. ऊर्जा विभागाच्या लेबलवरचे तारे इंधनबचतीचे आहेत, पकडीचे नव्हेत, हेही ध्यानात असू द्या.

किमतीचं म्हणाल तर जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले आणि स्वस्त परदेशी माल आटला. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के झाला. जुनं बिल दाखवून नवा भाव सांगणाऱ्या दुकानदाराला हे ऐकवायला हरकत नाही.

खरी बचत टायरच्या बाजूवर लिहिलेली असते. तिथे चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. एका दुकानात आम्हाला चार वर्षं पडून असलेला माल 'एकदम नवा' म्हणून दाखवला; भाच्याने आकडे वाचले आणि आम्ही उठलो. गुळगुळीत टायरला पुन्हा खाचा कोरून विकतात, तो तर घेऊच नका. खाचांमधले उंचवटे माथ्याला टेकले, म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. दोनच घ्यायचे झाले तर नवे मागे लावा. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि गांगुलपाऱ्याच्या घाटात फिरायला जागा नाही.

आणखी एक. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवतात. हे उलट आहे. हवा कमी असली की बाजू जास्त वाकते, वाकली की तापते, तापली की फुटते. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा सकाळी, टायर गार असताना भरा.

आपल्या जिल्ह्यात लोखंडाचं चाक अजून गेलेलं नाही. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला लावतात ते केजव्हील लोखंडीच. चिखलात ते राजा, डांबरावर आलं की रस्ता उखडतं; जयकरांच्या काळातलंच भांडण नव्या रूपात. मंडळाच्या सभासदांना विनंती एवढीच : आपापल्या गावात अजून धाव चढवणारा लोहार किंवा चाक करणारा सुतार असेल, तर त्याचं काम एकदा बसून बघा, फोटो काढा, अवजारांची नावं त्याच्याच बोलीत लिहून घ्या. रेडियलची माहिती कुठेही मिळेल. धावेची माहिती त्या माणसाबरोबर जाईल.