आधी अभ्यास, मग अर्ज

मार्च लागला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या धानोरा, कुरखेडा, सिंदेवाही या भागांत उजाडायच्या आतच माणसे टोपल्या घेऊन जंगलाकडे निघतात. मोहाची फुले रात्रभर टपकतात आणि उन्हे चढण्यापूर्वी वेचून झाली पाहिजेत. वाळक्या पाचोळ्यात फूल सापडत नाही, म्हणून पुष्कळजण झाडाखालचा पाला पेटवून जागा मोकळी करून घेतात. बहुतेक वेळा ती आग तिथल्या तिथे विझते. एखाद्या दुपारी वारा सुटतो आणि ती टेकडी चढते. त्यात मोहाची कोवळी रोपे जातात, भुईवर घातलेली अंडी जातात, आणि पुढच्या पिढीने ज्या झाडाखाली टोपली ठेवायची ते झाडच उगवायचे राहते.

युवकांच्या संवर्धन प्रकल्पाची आखणी, आणि त्यासाठी निधी मिळवणे, हा या पुस्तकाचा विषय. त्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी या झाडाखाली घेऊन जातो, कारण चांगला आणि वाईट प्रकल्प इथे एका नजरेत वेगळे दिसतात. एका अर्जात लिहिलेले असते: वणव्याबाबत जनजागृती, रॅली, फलक, टोप्या. दुसरा अर्ज सांगतो की आमच्या हद्दीतले मोह आम्ही मोजले, कोणत्या झाडाखाली आग लावली जाते ते नकाशावर मांडले, त्या घरांशी बोललो. खराट्याने झाडून घेतले किंवा जाळी अंथरली तर किती वेळ लागतो ते करून पाहिले. आता दोन हंगाम हे काम करू, आणि दहा मीटर बाय दहा मीटरच्या चौकटी आखून जळलेल्या व न जळलेल्या जागेतली रोपे मोजू. निधी देणारा कुठेही बसलेला असो, दुसरा अर्ज त्याला कळतो. पहिल्या अर्जातला पैसा खर्च झाल्यावर जंगलात काय बदलले, हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी अभ्यास, मग अर्ज हा क्रम या मातीला नवा नाही. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांना विरोध करताना ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, आणि त्याच धामधुमीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने स्वतःच्या कारभाराचा विचार सुरू केला. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्यासाठी सर्वांना ठाऊक आहेत. मला त्या गावाची सर्वांत मोठी देणगी वाटते ती अभ्यासगटाची. निर्णय ग्रामसभा घेणार, तोही सर्वसहमतीने. पण निर्णयाआधी विषय समजून घ्यायला गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसणार. मधाचा अभ्यास झाला तेव्हा आग्या माशांचे मोहोळ न जाळता मध काढायची रीत पुढे आली. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्याआधी वीस-पंचवीस वर्षे गाव शिकत होते. अर्ज लिहायला बसलेल्या तरुणांनी ही वर्षे विसरू नयेत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. तिथे २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच थांबवले. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात आणि झाडाला फळ धरत नाही. ही फळे, म्हणजे टेंभरे, तर माणसेही खातात आणि अस्वलेही. हातचे रोख उत्पन्न सोडायचा हा निर्णय गावाने घेतला आणि बांबूवर भर दिला. कोणत्याही निधीच्या अटींत असा निर्णय बसवता येत नाही. तो आधी झालेला असावा लागतो.

आता पैशाकडे वळू. नोंदणी नसलेल्या युवक मंडळाला अनुदान सहसा मिळत नाही, आणि केवळ त्यासाठी घाईने संस्था काढणे मला पटत नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. त्यासाठी ग्रामसभेने समिती नेमायची असते. तरुणांचा गट त्या समितीचा अभ्यासगट म्हणून काम करू शकतो. ठराव ग्रामसभेचा, खाते ग्रामसभेचे, हिशेब भर सभेत. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या गावात ग्राम परिस्थितिकीय विकास समिती असते आणि २०१५ पासूनची जनवन विकास योजना तिच्यामार्फत चालते. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी मिळतो. त्यातून कोणते काम करायचे ते ग्रामसभाच ठरवते. कोळसा, सिमेंट आणि कागदाच्या कारखान्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी २०१३ च्या कंपनी कायद्याने पर्यावरणावर खर्च करता येतो. तो घ्यावा की नाही, हे ज्या गावच्या नदीत त्या कारखान्यांची धूळ उतरते त्या गावाने ठरवावे. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून जगभर चालू आहे. त्यात अर्जदाराचाही वाटा मागतात, पण तो श्रमाच्या किंवा वस्तूच्या रूपात दाखवता येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून हजेरी लिहा. रजिस्टर नसेल तर शंभर माणसांनी केलेले श्रमदान कागदावर शून्य ठरते.

अंदाजपत्रकात दोन ओळी मी आग्रहाने मागतो. पहिली मानधनाची. तेंदूच्या हंगामात भूमिहीन घरातली मुलगी दिवसभर चौकटी मोजत बसली तर तिची मजुरी बुडते. फुकट सेवेची अट घातली की गटात फक्त खाऊनपिऊन सुखी घरची मुले उरतात. दुसरी ओळ सुरक्षेची आणि विम्याची. चंद्रपुरात वाघाचे हल्ले पुष्कळदा मोह-तेंदूच्या दिवसांत, वाकून वेचणाऱ्या माणसांवर होतात. २०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळपही येऊ लागला. गट किती जणांचा, जंगलात कितीला शिरायचे, वनरक्षकाला कोण कळवणार, हे ठरवल्याशिवाय एकाही पोराला मोजणीसाठी पाठवू नका.

झाडांच्या नोंदी गोंडी-माडिया बोलींतल्या नावांनीही करा. एकाच झाडाचे फूल, फळ आणि बी यांना वेगळी नावे असतील तर त्या नावांत उपयोगाची माहिती असते, आणि ती सांगणारी आजी शास्त्रीय नावाच्या रकान्यापाशी गप्प होते.

पुढचे प्रकरण नकाशाचे आहे. ते वाचण्यापूर्वी एक सकाळ काढा. गावातल्या एखाद्या जाणत्या बाईबरोबर जंगलात जा आणि कोणता मोह कोणत्या घराचा ते विचारा. पुष्कळ गावांत रानातले मोहही घराघरांत वाटलेले असतात. ती नावे वहीत उतरवा, ज्या झाडाखाली राख दिसेल त्यापुढे खूण करा, आणि परतताना त्या घरी चहाला थांबा.