एका मोटारसायकलीत किती मोटारसायकली? ‘४२ डब्ल्यूएलए’चा इतिहास

(१/१२) जुनी मोटारसायकल नव्याने उभी राहिली की जाणकारांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिच्यात मूळचे किती आणि बाहेरून आणलेले किती? दुसऱ्या महायुद्धातील हार्ले-डेव्हिडसन ‘डब्ल्यूएलए’ या लष्करी गाडीसमोर मात्र हा प्रश्न अडखळतो. तिच्या भागांची सरमिसळ भंगारबाजारात सुरू झाली नाही, ती लष्कराच्या कार्यशाळेतच सुरू झाली. त्या सरमिसळीचा हा इतिहास.

(२/१२) प्रथम नाव. ‘डब्ल्यू’ ही ४५ घनइंची, म्हणजे सुमारे ७४० सीसीच्या व्ही-ट्विन इंजिनाची मालिका. ‘एल’ हे मुळात अधिक कॉम्प्रेशनच्या प्रकाराचे अक्षर आणि ‘ए’ म्हणजे आर्मी. कॅनडाच्या सैन्यासाठी बनलेली गाडी ‘डब्ल्यूएलसी’. युद्धकाळात अशा सुमारे ९० हजार गाड्या मिलवॉकीच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. शिवाय सुट्या भागांचा साठा इतका प्रचंड होता की त्यातून आणखी कित्येक गाड्या उभ्या राहिल्या असत्या.

(३/१२) यंत्ररचना साधी होती. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बगलेला असल्याने इंजिनाचा माथा सपाट, म्हणून ‘फ्लॅटहेड’. लष्करी इंजिनाचे कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेले, त्यामुळे हलक्या प्रतीचे पेट्रोलही चाले. गिअर तीन, ते हाताने बदलायचे आणि क्लच पायाने दाबायचा. वेगापेक्षा टिकाऊपणाला आणि रणभूमीवरील दुरुस्तीला येथे अधिक महत्त्व होते.

(४/१२) आता क्रमांकाची गंमत. १९४२पासून युद्ध संपेपर्यंत बनलेल्या साऱ्या डब्ल्यूएलए गाड्यांच्या क्रमांकाचा आरंभ ‘४२ डब्ल्यूएलए’ असाच राहिला. १९४४ साली कारखान्यातून निघालेली गाडीही क्रमांकावरून १९४२चीच वाटते. तिचे खरे वय शोधायचे, तर क्रमांकाचे पुढचे आकडे, ओतकामावरच्या खुणा आणि लष्कराची माहितीपट्टी यांचा मेळ घालावा लागतो.

(५/१२) त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा क्रमांक इंजिनावर होता, सांगाड्यावर नव्हता. हार्लेच्या सांगाड्यांवर ओळख-क्रमांक आला तो १९७० पासून. तोवर गाडीची कायदेशीर ओळख म्हणजे तिचे इंजिन. सांगाडा वाकला, दुसरा बसवला, तरी कागदोपत्री गाडी तीच राहिली.

(६/१२) लष्कराला तरी ‘मूळ’पणाचे सोयरसुतक कोठे होते? मोठ्या दुरुस्तीसाठी आलेल्या गाड्या पूर्ण उघडल्या जात. भाग धुऊन, मोजून, चांगले-वाईट निवडून ठेवले जात आणि हाताला येईल तो योग्य भाग समोरच्या गाडीत बसे. एका गाडीचा गिअरबॉक्स, दुसरीचे चाक, तिसरीची टाकी. उद्या सकाळी गाडी चालली पाहिजे, एवढीच कसोटी.

(७/१२) युद्ध संपले आणि या गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या. नव्या मालकांनी बंदुकीचे चामडी म्यान काढले, हिरवा रंग खरवडला, जड मडगार्ड कापले. कापून हलक्या केलेल्या ‘बॉबर’ गाड्यांच्या प्रथेला या स्वस्त लष्करी मालाने मोठाच हातभार लावला. आज संग्राहक ज्या भागांसाठी वणवण करतात, ते त्या काळी कचरा म्हणून फेकले गेले.

(८/१२) तरीही ही गाडी नामशेष झाली नाही. १९४९ ते १९५२ या काळात डब्ल्यूएलए पुन्हा बनली. हार्लेच्या ‘सर्व्हि-कार’ या तीनचाकीत तर याच घराण्याचे इंजिन १९७३ पर्यंत चालू राहिले. साहजिकच १९४२च्या गाडीत १९६०च्या दशकातले भाग आढळतात, आणि ते नीट बसतातही.

(९/१२) दुसरा साठा अनपेक्षित ठिकाणी जपला गेला. अमेरिकेच्या लेंड-लीज योजनेखाली सुमारे ३० हजार गाड्या सोव्हिएत संघाला मिळाल्या होत्या. शीतयुद्धात त्यांना बाहेरची वाट उरली नाही आणि त्या कापून सजवण्याची हौसही तेथे नव्हती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या गाड्या आणि त्यांचे भाग पाश्चात्त्य बाजारात आले.

(१०/१२) भारतातली कथा दिल्लीची. युद्धानंतर मागे राहिलेल्या लष्करी मोटारसायकलींचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा प्रवासी डबा जोडला गेला आणि ‘फटफटी’ कॅनॉट प्लेस ते जुनी दिल्ली अशी धावू लागली. हार्लेचे भाग मिळेनासे झाले, तेव्हा अनेक फटफट्यांत डिझेल इंजिने आली. १९९०च्या दशकाअखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून ही वाहने रस्त्यावरून गेली. मराठीतही कोणत्याही मोटारसायकलीला ‘फटफटी’ म्हणणारी पिढी अजून आहे.

(११/१२) मग पुनर्बांधणी करणारा पाहतो काय? तो गाडीखाली वाकतो. क्रँककेसचे दोन अर्धे कारखान्यात जोडीनेच कोरले जात आणि दोहोंच्या तळाशी जुळणारे आकडे ठोकले जात. आकडे जुळले नाहीत, तर दोन वेगळ्या इंजिनांचे अर्धे एकत्र आले आहेत. बेअरिंगची घरे एका रेषेत नसतील, तर इंजिन लवकर झिजते. येथे ‘मूळ’पणा हौसेचा राहत नाही, तो यांत्रिक गरजेचा होतो. उलट टाकी, चाक, दिवा दुसऱ्या गाडीचा असल्याने काहीच बिघडत नाही.

(१२/१२) कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. २०२१च्या भारतीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अट अशी की ती मूळ स्वरूपात असावी, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल नसावा. ज्या गाडीचे भाग लष्करानेच अदलाबदल केले, तिचे मूळ स्वरूप कोणते मानायचे? मोठी किंमत मिळावी म्हणून खोटे आकडे ठोकणारे याच फटीतून शिरतात. त्यावर उपाय एकच : कोणता भाग कोठून आला, त्याची प्रामाणिक नोंदवही गाडीसोबत ठेवणे. जोडलेला भाग इतिहासाला बाध आणत नाही. लपवलेला भाग आणतो.