मिठाच्या पोकळीत राखेचा भराव

इंग्लंडात घर घेताना आपण छप्पर पाहतो, भिंतींची ओल पाहतो, शाळा किती लांब ते विचारतो. घराखाली काय आहे हे सहसा कोणी विचारत नाही. चेशायरमधल्या नॉर्थविच गावाला मात्र हा प्रश्न टाळता आला नाही. मी पेशाने सिव्हिल इंजिनिअर; त्यामुळे या गावाची हकिगत मला फार मोलाची वाटते.

१६७० मध्ये गावाजवळच्या मारबरी येथे दगडी कोळसा शोधताना सैंधव सापडले. शंभरएक वर्षांनी त्याखालचा दुसरा थर हाती लागला. छत तोलण्यासाठी खाणीत मिठाचेच खांब राखत. पण मीठ म्हणजे पैसा, तेव्हा खांब बारीकच ठेवले जात. शिवाय जमिनीतले खारे पाणी उपसून मीठ करण्याचा धंदाही जोरात होता. खारे पाणी उपसले की त्या जागी गोडे पाणी शिरे आणि मीठ विरघळवी. घरे कलंडली, रस्ते खचले, शेतांची तळी झाली. एकोणिसाव्या शतकात चेशायरचे हे मीठ लिव्हरपूलच्या बंदरातून कलकत्त्यालाही जात असे. १९३० च्या शिरोड्याच्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकलेल्या आपल्याला हे माहीत असलेले बरे. १८९१ मध्ये पाणी उपसणाऱ्यांकडून पैसे घेऊन नुकसानभरपाई देण्याचा कायदा झाला. लोकही लाकडी सांगाड्याची घरे बांधू लागले; जमीन खचली की घर जॅकने उचलायचे!

खरा उपाय व्हायला एकविसावे शतक उजाडले. गावाखालच्या चार जुन्या खाणी खाऱ्या पाण्याने भरलेल्या होत्या. २००४ मध्ये सरकारी खर्चाने, २ कोटी ८० लाख पौंडांचे काम सुरू झाले. लक्षावधी लिटर खारे पाणी काढून त्या जागी वीजकेंद्रातली राख, सिमेंट आणि मीठ यांचे मिश्रण भरले. २००७ च्या अखेरीस काम पुरे झाले.

राखच का? कोळशाच्या या राखेचे कण सूक्ष्म आणि बरेचसे गोल असतात. त्यामुळे मिश्रण नळातून सहज वाहते आणि कानाकोपऱ्यात पोचते. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना सुटतो, त्याच्याशी राख सावकाश जुळते आणि भराव महिनोन्‌महिने बळकट होत जातो. सिमेंट थोडे लागते, खर्च वाचतो. भरावाला पुलाच्या काँक्रीटइतके बळ लागतही नाही. त्याने पोकळी व्यापावी, खांबांना बाजूने धीर द्यावा, एवढेच त्याचे काम. आणि मीठ कशाला? एक लिटर गोडे पाणी सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवते. साध्या पाण्यात कालवलेल्या भरावाने आधार द्यायला जाऊन खांबच खाल्ले असते! राखेत जड धातूंचे अंश असतात, म्हणून भूजलाची तपासणीही अशा कामात चुकत नाही.

मिठाचा नफा एका पिढीने घेतला आणि खड्डा भरण्याचे बिल दुसरीने चुकते केले, ही गोष्ट मला विसरता येत नाही. राखेचीही तीच तऱ्हा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधले कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले. ताजी राख आता इथे मिळत नाही. काल ज्या ढिगाऱ्यांकडे पाहून आपण नाक मुरडत होतो, तेच आज कामाचा माल ठरत आहेत. टाकाऊ काय नि टिकाऊ काय, हे ठरवायची घाई करू नये, हेच खरे.