सॉफ्टवेअर फुकट, मग पगार कुणाचा?

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. आपल्याकडे 'मुक्त' वेगळं आणि 'फुकट' वेगळं. तरीही मुक्त सॉफ्टवेअरचा विषय काढला की मला हमखास एक प्रश्न ऐकू येतो: "सगळं असंच वाटून टाकलं तर प्रोग्रामरने खायचं काय?"

हा प्रश्न चाळीस वर्षं जुना आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि पुढच्या वर्षी एमआयटीतली नोकरी सोडली. १९८५ च्या जाहीरनाम्यात त्यांनी याचं सरळ उत्तर दिलं. आत्ताइतकी कमाई कदाचित होणार नाही, पण शिकवण्याचे, दुरुस्तीचे, नव्या मशीनवर बसवून देण्याचे पैसे लोक देतील. ते स्वतःही तसेच जगले. त्यांचा 'ईमॅक्स' हा एडिटर नेटवरून कुणीही फुकट घ्यावा, टेपवर हवा असेल तर मात्र १५० डॉलर! तेव्हा इंटरनेट होतं मोजक्यांकडेच, त्यामुळे टेपला ऑर्डरी येत.

१९८९ मध्ये तिघांनी मिळून अमेरिकेत सिग्नस ही कंपनी काढली. भांडवल सुमारे ६००० डॉलर. ग्नूचा कंपायलर फुकटच होता, पण नवी चिप काढणाऱ्या कंपनीला तो आपल्या चिपवर चालवून हवा असे. बिल व्हायचं ते या कामाचं. १९९९ मध्ये रेड हॅटने सिग्नस घेतली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतली. याच रेड हॅटचं ऑफिस आपल्या पुण्यातही आहे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवर इथेही पगार निघतात.

मग प्रश्न मिटला का? माझ्या मते अर्धाच.

एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भगदाड उघडं पडलं. ते होतं ओपन-एसएसएलमध्ये. जगभरातल्या असंख्य वेबसाइटींवर पासवर्ड आणि व्यवहार सुरक्षित ठेवण्याचं काम हेच सॉफ्टवेअर करत होतं. चौकशी झाली तेव्हा कळलं, की त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच, आणि देणग्या वर्षाला जेमतेम २००० डॉलर. वापरणाऱ्यांत अब्जाधीश कंपन्या होत्या. बोंब झाल्यावर त्यांनी निधी उभा केला.

गावच्या विहिरीसारखंच झालं हे. पाणी सगळे भरतात, गाळ काढायची वर्गणी मागितली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ज्या कामासाठी ठरावीक गिऱ्हाईक उभं राहतं त्याचे पैसे मिळतात. जे सगळ्यांचं असतं, त्याचं बिल कुणाच्याच नावाने निघत नाही.

म्हणून सरकारी ऑफिसं, शाळा, नगरपालिका मुक्त सॉफ्टवेअर घेतात तेव्हा "लायसन्सचे पैसे वाचले" एवढ्यावर टाळ्या वाजवू नयेत. वाचलेल्या पैशांतला काही भाग देखभालीसाठी टेंडरमध्येच लिहून ठेवावा. ते काम आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना मिळावं आणि केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाला परत जावी, अशी अट घालावी. फुकट ते पौष्टिक म्हणून नुसतं घेत राहिलो, तर पोरांना काम मिळणार नाही आणि विहीरही एक दिवस गाळाने भरेल.