एमसीबी व सॉकेट यांची जुळणी

वीजजोडणीत सॉकेट आणि त्यामागची तार जेवढा प्रवाह सोसू शकतात, तेवढ्याच किंवा त्याहून कमी अँपियरचा एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) त्या लाइनला बसवणे. एमसीबी असतो तो मुख्यतः भिंतीतली तार आणि सॉकेट जळू नये म्हणून, उपकरणासाठी नव्हे. तो वारंवार पडू लागला की मोठा बसवून घेण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच घातक आहे.

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. आयएस १२९३ या मानकात सॉकेट ६ आणि १६ अँपियरचे. बोलण्यात मात्र ते अजून ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’. पंधराच्या पॉइंटला साधारणपणे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६चा एमसीबी लावतात.

ठाण्याच्या खोपट भागात हा जुळणीचा प्रश्न आता सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उतरला आहे. तिथल्या एसटी स्थानकातून २०२४ पासून ई-बस धावतात. त्यांचे चार्जर स्वतंत्र, मोठ्या दाबाच्या व्यवस्थेवर चालतात. रहिवाशाची विजेवरची गाडी मात्र पंधराच्या पॉइंटवरच लागते. ३.३ किलोवॅटचा चार्जर सुमारे १४.३ अँपियर ओढतो, तोही रात्रभर. त्याच लाइनवर दुसरी गाडी लागली की २८.६. १६चा एमसीबी २३.२ अँपियरला तासाभरात पडलाच पाहिजे, असे मानक सांगते, म्हणजे २८.६ला तो त्याआधीच पडेल. त्याजागी ३२चा असेल तर तो पडणारच नाही, कारण ३६ अँपियरपर्यंत त्याने तासभर टिकायचेच असते. तोवर तार तापत राहते आणि ढिल्या स्क्रूपाशी सॉकेट काळे पडते. उपाय एकच: प्रत्येक गाडीला मीटर रूमपासून वेगळी लाइन.

अमेरिकेत फिरत्या घरांच्या (कॅराव्हॅनच्या) तळांवर २०, ३० आणि ५० अँपियरच्या सॉकेटांचे आकारच वेगळे असतात आणि ज्याचा त्याचा ब्रेकर असतो. आपला पंधराचा सॉकेट बहुधा पाचचा प्लगही घेतो, त्यामुळे बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड १६च्या एमसीबीमागे बिनबोभाट तापतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. इथल्या कॅराव्हॅन तळांवरही ही काळजी घ्यायला हवी.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या पार्किंगमध्ये नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) लागतोच.