बॅटरी भरली, हे ठरवायचे कोणी?

पाण्याची टाकी भरली की नाही, हे झाकण उघडून पाहता येते. बॅटरीच्या बाबतीत तशी सोय नाही. तिच्यात किती ऊर्जा साठली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून कळतात ती फक्त लक्षणे : टोकांमधील विद्युतदाब, आम्लाची घनता, अंगाची ऊब. या लक्षणांवरून आतल्या स्थितीचे अनुमान करायचे, हा बॅटरी चार्ज करणाऱ्यांपुढचा दीडशे वर्षांहून जुना प्रश्न आहे. सौर दिव्याच्या संचात हे अनुमान करण्याचे काम चार्ज कंट्रोलर नावाची छोटी पेटी करते. तिचे अनुमान चुकले तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्याला थेट मंगळापाशी सापडते. पण तेथे पोचण्याआधी थोडे मागे जाऊ.

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिशाचे पत्रे विरल सल्फ्युरिक आम्लात ठेवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी तयार केली. वीज घेताना या बॅटरीच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. चार्ज करताना उलटी क्रिया होऊन ते नाहीसे होते. बहुतेक सल्फेट संपले, तरी विद्युतधारा चालूच ठेवली, तर तिला करायला दुसरे काम उरत नाही. मग ती पाण्याचेच विघटन करू लागते. हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, पाणी कमी होते, बॅटरी तापते. उलट, बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहिली तर सल्फेटचे स्फटिक मोठे व टणक होतात आणि पुढे ते विरघळेनासे होतात. म्हणजे जास्त भरणेही वाईट आणि कमी भरणेही वाईट.

जुन्या काळी या दोहोंमधला तोल माणूस सांभाळत असे. तो हायड्रोमीटरने आम्लाची घनता मोजे, बुडबुडे पाही आणि हाताने स्विच बंद करी. हा माणूस म्हणजेच पहिला चार्ज कंट्रोलर म्हणायला हरकत नाही.

सौर घट आले आणि या माणसाची जागा यंत्राला घ्यावी लागली. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनी बनवलेला सिलिकॉनचा सौर घट लोकांपुढे मांडला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावाजवळ ग्रामीण टेलिफोनच्या तारेवर त्याची चाचणी झाली. दिवसा सौर घटांनी बॅटरी भरायची आणि रात्री बॅटरीने टेलिफोन चालवायचा, अशी रचना होती. आज खेड्यापाड्यांत दिसणाऱ्या सौर दिव्यांची मूळ कल्पना हीच.

१७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहात दोन प्रक्षेपक होते. साध्या बॅटरीवरचा प्रक्षेपक त्याच वर्षी जून महिन्यात थांबला. सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. अवकाशात सौर घटांना पर्याय नाही, हे त्यावरून पटले. मात्र उपग्रह पृथ्वीच्या छायेत शिरला की सौर घट निकामी होतात. तेव्हा बॅटरी हवीच, आणि ती भरण्यावर लक्ष ठेवणारे कोणीतरी हवे. अवकाशात हायड्रोमीटर घेऊन उभा राहणारा माणूस नसतो.

यंत्राने मग दोन लक्षणे धरली : विद्युतदाब आणि तापमान. बॅटरी भरत आली की दाब वाढतो. ठरावीक मर्यादा गाठली की कंट्रोलर धारा कमी करतो किंवा तोडतो. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी २५ अंश सेल्सिअसला ही मर्यादा साधारण १४.४ व्होल्ट असते. बॅटरी गरम असेल तर आतल्या क्रिया कमी दाबालाच होऊ लागतात, म्हणून मर्यादा खाली आणावी लागते. दर अंशाला सुमारे ०.०२४ व्होल्ट धरले, तर ४५ अंशांना ती सुमारे १३.९ व्होल्ट होते. निकेल-हायड्रोजन बॅटरीत तापमानाला आणखी एक अर्थ असतो. ती पूर्ण भरल्यावर तयार होणारा ऑक्सिजन आतल्याच हायड्रोजनशी संयोग पावतो आणि उष्णता बाहेर पडते. म्हणून ‘बॅटरी तापली, म्हणजे भरली’ हा नियम तेथे बराच उपयोगी पडतो.

आता मंगळाकडे वळू. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ हे नासाचे यान ७ नोव्हेंबर १९९६ रोजी निघाले आणि सप्टेंबर १९९७ मध्ये मंगळाभोवती फिरू लागले. सुमारे दोन तासांत एक फेरी, आणि फेरीचा काही भाग सावलीत. म्हणजे त्याच्या दोन निकेल-हायड्रोजन बॅटऱ्यांना दिवसाला सुमारे बारा वेळा रिकामे होऊन पुन्हा भरावे लागे. लेसरच्या साह्याने मंगळाचा उंचसखलपणा मोजणारे, त्याच्या पृष्ठभागाची २,४०,००० हून अधिक छायाचित्रे पाठवणारे हे यान. एका मंगळवर्षाच्या, म्हणजे ६८७ दिवसांच्या नकाशाकामासाठी पाठवलेल्या या यानाने मंगळाभोवती नऊ वर्षांहून अधिक काळ काढला.

२ नोव्हेंबर २००६ रोजी त्याला सौर पंख किंचित वळवण्याची नेहमीची आज्ञा मिळाली. त्याने काही धोक्याचे इशारे कळवले, स्थिर झाल्याचेही कळवले, आणि मग ते गप्प झाले. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या दुसऱ्या यानाच्या कॅमेऱ्यांनीही त्याचा शोध घेतला. ते सापडले नाही.

चौकशी मंडळाचे निष्कर्ष एप्रिल २००७ मध्ये जाहीर झाले. पाच महिन्यांपूर्वी, जून २००६ मध्ये, यानाच्या संगणकात सुधारणेसाठी पाठवलेली काही मूल्ये स्मृतीतील चुकीच्या जागी लिहिली गेली होती. त्यामुळे सौर पंखाच्या हालचालीची मर्यादा बिघडली आणि पंख टोकाला जाऊन अडला. यानाने संकटकाळची स्थिती घेतली. पण त्या स्थितीत दोनपैकी एका बॅटरीवर थेट ऊन पडू लागले आणि ती तापली. चार्जिंग सांभाळणाऱ्या प्रणालीने आपला नेहमीचा नियम लावला : तापली, म्हणजे भरली. तिने चार्जिंग तोडले. एकट्या दुसऱ्या बॅटरीला सारा भार पेलवेना आणि सुमारे बारा तासांत दोन्ही रिकाम्या झाल्या. अँटेनाची दिशाही बिघडलेली असल्याने यानाला आपली अवस्था पृथ्वीला कळवता आली नाही.

सौर पंख होते, ऊन होते, बॅटरीही धड होती. नियमसुद्धा खोटा नव्हता. नऊ वर्षे त्याने काम दिले होते. भरलेली बॅटरी तापते हे खरे, पण तापलेली प्रत्येक बॅटरी भरलेली असतेच असे नाही. विधान आणि त्याचा व्यत्यास यांतला फरक आपण भूमितीच्या तासाला शिकवतो. येथे त्याच फरकाची किंमत एका यानाने मोजली. संबंधित चमूने ठरलेल्या पद्धतीच पाळल्या होत्या, पण अशी चूक पकडायला त्या पद्धती अपुऱ्या होत्या, असे मंडळाने नमूद केले.

हीच चूक आपल्या छपरावरही होऊ शकते. समजा, तापमान मोजणारा संवेदक कंट्रोलरच्या पेटीतच आहे, पेटी उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर ४५ अंशांत आहे आणि बॅटरी आतल्या गार खोलीत २५ अंशांत. कंट्रोलर १३.९ व्होल्टलाच हात आखडता घेईल आणि बॅटरी रोज थोडी उपाशी राहील. दुसरे उदाहरण : कंट्रोलर व बॅटरी यांमधील तार बारीक किंवा जोड गंजलेला असून त्यांचा एकूण रोध ०.०५ ओहम आहे. १० अँपिअर धारा वाहताना तेथे ०.५ व्होल्ट खर्च होतात. कंट्रोलरला १४.४ दिसतात, बॅटरीला मिळतात १३.९. दोन्ही वेळा दोष बॅटरीवर येतो आणि ती नाहक बदलली जाते.

म्हणून बिघाड शोधताना कंट्रोलरवरच्या दिव्यावर भिस्त न ठेवता स्वतंत्र मोजमाप करावे. चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरने आधी कंट्रोलरच्या आणि लगेच बॅटरीच्या टोकांवरचा दाब मोजावा. फरक मोठा असेल तर दोष तारेत किंवा जोडात आहे. दोन्ही ठिकाणचे तापमानही पाहावे. मग पॅनेलची तार सोडवून पॅनेलचा दाब घ्यावा; ३६ घटांच्या पॅनेलचा भर उन्हात २० व्होल्टच्या आसपास असायला हवा. तार सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी; जोडताना उलट क्रम ठेवावा. बॅटरीची दोन टोके हत्याराने एकमेकांना जोडली जाऊ देऊ नयेत आणि जवळ ज्योत आणू नये, कारण तेथे हायड्रोजन असू शकतो.

शाळेत सौर दिव्याचा संच असेल तर नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून, शिक्षक शेजारी असताना, आठवडाभर या नोंदी करवून घ्याव्यात. प्रत्येक नोंदीपुढे आणखी एक रकाना ठेवावा : ‘हे लक्षण दुसऱ्या कोणत्या कारणाने दिसू शकेल?’