शालिमारच्या कुपीतली चार शतके

१९२५ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पॅरिसमध्ये सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. ‘आर्ट डेको’ हे नाव पुढे ज्या शैलीला मिळाले, तिचा हा मोठा सोहळा. या प्रदर्शनात गेर्लाँ या जुन्या अत्तरकार घराण्याने एक परफ्यूम लोकांपुढे आणले. रेमाँ गेर्लाँ यांनी त्याची कुपी रेखाटली होती आणि बाकाराच्या काचशाळेत ती घडली होती. पायावर उभी, मधे कारंज्याच्या कुंडासारखी फुगलेली आणि माथ्यावर पंख्याच्या आकाराचे निळे बूच अशी तिची घडण होती. आतला सुगंध जाक गेर्लाँ यांनी १९२१ च्या सुमारास रचला होता. त्याचे नाव ‘शालिमार’. स्त्रियांसाठीच्या ज्या मोजक्या परफ्यूमांना आज जगभर अभिजात मानतात, त्यांत त्याची गणना होते. नाव मोगल बागेचे असले, तरी त्याच्या घटकांचा माग काढत गेलो की आपण मेक्सिकोच्या जंगलात, हिंदी महासागरातल्या एका बेटावर, कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर आणि बर्लिनच्या प्रयोगशाळेत जाऊन पोहोचतो.

सुरुवात नावापासून करू. श्रीनगरजवळ दल सरोवराच्या काठी जहांगीरने १६१९ च्या सुमारास शालिमार बागेची उभारणी सुरू केली. ओढ्याचे पाणी अडवून बाग सजवण्याचे काम त्याने शहजादा खुर्रमकडे, म्हणजे पुढच्या शाहजहानकडे सोपवले. लाहोरची शालिमार बाग त्यानंतरची, १६४१-४२ ची. शाहजहान आणि मुमताज महल यांच्या बागेतल्या प्रेमाची कथा पॅरिसला आलेल्या एका महाराजाने गेर्लाँ मंडळींना ऐकवली आणि त्यातून हे नाव सुचले, असे सांगतात. कथा गोड आहे, पण तारखा तिला मर्यादा घालतात. मुमताज १६३१ मध्ये तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात, म्हणजे आपल्या जुन्या खानदेश सुभ्याच्या राजधानीत, बाळंतपणात वारली. तिचे पहिले दफनही तिथेच, नदीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत झाले. लाहोरची बाग तिने पाहिलीच नाही, त्यामुळे कथेला आधार उरतो तो श्रीनगरचाच. मोगल दरबाराचा स्वतःचा एक अस्सल सुगंध मात्र होता. नूरजहानची आई अस्मत बेगम हिने गुलाबपाणी काढताना वर जमणारा तेलाचा थर वेगळा केला आणि त्यातून गुलाबाचे अत्तर मिळाले, अशी नोंद जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. पॅरिसच्या कुपीत गुलाब आहे, पण मागच्या रांगेत. तिची मुख्य पात्रे दुसरीकडून आली.

त्यांपैकी पहिले पात्र बर्गमोट. इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियाच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर पिकणाऱ्या या लिंबाच्या कुळातल्या फळाच्या सालीतून तेल काढतात. १७०९ मध्ये कलोन शहरात फारीना या इटालियन कुटुंबाची पेढी सुरू झाली. बर्गमोट आणि इतर लिंबूवर्गीय तेले मद्यार्कात मिसळून योहान मारिया फारीनाने जे सुगंधी पाणी केले, तेच पुढे ‘ओ द कोलोन’ म्हणून गाजले. कस्तुरीच्या आणि जवादी मांजराच्या स्रावाच्या जड वासांना सरावलेल्या युरोपीय दरबारांना हा हलका, धुतल्यासारखा ताजेपणा नवा होता. पिएर-फ्राँस्वा-पास्काल गेर्लाँ यांनी १८२८ मध्ये पॅरिसला दुकान थाटले तेव्हा हा प्रकार जुनाजाणता झाला होता. १८५३ मध्ये त्यांनी सम्राज्ञी युजेनीसाठी मधमाश्या कोरलेल्या बाटलीतून जे पेश केले, तेही कोलोनच. शालिमारचा पहिला फवारा उडतो तेव्हा नाकाला जाणवते ती हीच अठराव्या शतकाची चमक. बर्गमोट त्यात सढळ हाताने ओतलेले आहे.

दुसरे पात्र व्हॅनिला. ही ऑर्किडवर्गातली वेल मूळची मेक्सिकोची. पापांतलाच्या परिसरातल्या तोतोनाक लोकांनी तिच्या शेंगा जोपासल्या आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्या युरोपात नेल्या. वेली पुढे इतर वसाहतींतही पोहोचल्या, तिथे त्या वाढत, क्वचित फुलत, पण त्यांना शेंगा लागेनात. मेक्सिकोबाहेर त्या फुलांचे परागण करणारा किडाच नव्हता. बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मोराँ यांनी १८३६ मध्ये लिएजच्या काचघरात हाताने परागण करून दाखवले, तरी मळ्यात चालेल अशी रीत हवी होती. ती १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या फ्रेंच बूर्बोन बेटावर, म्हणजे आजच्या रीयुनियनवर सापडली. शोधणारा एदमाँ बारा वर्षांचा गुलाम मुलगा होता. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबून बसवायचे, एवढीच त्याची युक्ती. फूल एकच दिवस उमलते, त्यामुळे काम सकाळीच उरकावे लागते. १८४८ मध्ये बेटावरची गुलामगिरी संपली आणि त्याला आल्बियूस हे आडनाव मिळाले. त्याच्या बोटांनी बेटाला श्रीमंत केले, तो स्वतः १८८० मध्ये दारिद्र्यात मेला. जगातली बहुतेक नैसर्गिक व्हॅनिला आजही त्याच हातकामातून येते.

शेंगा मिळू लागल्या तरी महागच राहिल्या. इथे आपली वाट शेतातून प्रयोगशाळेत शिरते आणि ऑगुस्ट व्हिल्हेल्म होफमान या जर्मन गुरूजवळ येऊन थांबते. त्यांचा लंडनमधला शिष्य विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, जांभळा कृत्रिम रंग शोधून नाव कमावले होते. १८६८ मध्ये त्यानेच कुमारिन बनवले. दक्षिण अमेरिकेतल्या टोंका बियांना येणारा, वाळल्या गवताची आणि बदामाची आठवण देणारा तो वास आता बियांवाचूनही मिळू लागला. होफमान तोवर बर्लिनला गेले होते. तिथल्या त्यांच्या दोन शिष्यांनी, फेर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हार्मान यांनी, १८७४ मध्ये सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या कोनिफेरिनपासून व्हॅनिलिन तयार केले आणि होल्त्समिंडेनला त्याचा कारखाना काढला. व्हॅनिलाची गोडी देवदाराच्या भाईबंदांतून निघावी, हा त्या काळाचा चमत्कारच. अत्तरकारांनी ही नवी द्रव्ये हळूहळू हाती घेतली. १८८२ मध्ये उबिगाँ या पेढीच्या ‘फुजेर रुआयाल’मध्ये पॉल पार्के यांनी कुमारिन वापरले. १८८९ मध्ये, म्हणजे आयफेल मनोऱ्याच्याच वर्षी, गेर्लाँच्या दुसऱ्या पिढीतल्या एमे यांनी ‘जिकी’ रचले. त्यात वर लव्हेंडर आणि बर्गमोट, खाली कुमारिन, व्हॅनिलिन आणि जवादी होते. कोणत्याही एका फुलाची नक्कल न करणारा हा सुगंध तेव्हाच्या स्त्रियांना चमत्कारिक वाटला, पुरुषांनी तो आधी उचलला. शालिमारचा आराखडा इथेच तयार झाला होता.

मधल्या काळात पॅरिसला पौर्वात्यतेचे वेड लागले होते. काश्मिरी शाली तिथे शतकभर मिरवल्या गेल्या होत्या. कसर लागू नये म्हणून त्या शालींच्या गठ्ठ्यांत पाचेची पाने घालत, आणि त्या वासावरून शाल अस्सल की नक्कल हे फ्रेंच गिऱ्हाईक ओळखू लागले होते. आपल्याकडे वेणीत मरव्याच्या जोडीने ओवतात तीच ही पाच. १९१० मध्ये रशियन बॅलेच्या ‘शेहेराझाद’ने पॅरिस दिपवले. पुढच्याच वर्षी पॉल प्वारे या वेशभूषाकाराने सुलतानाच्या थाटात मेजवानी दिली आणि स्वतःची परफ्यूमची पेढीही काढली. फ्राँस्वा कोती यांचे ‘एमरोद’ १९२१ मध्ये बाजारात आले. त्यातही वर लिंबाची झुळूक आणि खाली व्हॅनिला, राळ यांची ऊब होती. नात्याने शालिमारला ते इतके जवळचे, पण पुढे स्वस्त दुकानांच्या फळ्यांवर जाऊन बसले आणि त्याचा मान विस्मरणात गेला.

जाक गेर्लाँ यांच्या हाती तोवर व्हॅनिलिनहून कैकपटीने तीव्र असे एथिल व्हॅनिलिन आले होते. त्यांनी ते जिकीच्या बाटलीत ओतून पाहिले आणि शालिमार जन्मले, अशी आख्यायिका आहे. शनेल नंबर ५ चे कर्ते एर्नेस्त बो यांच्या नावावरही एक किस्सा सांगतात. एवढी व्हॅनिला आपल्याला दिली असती तर आपण फार तर कस्टर्ड केले असते, गेर्लाँने मात्र शालिमार केले, असे ते म्हणाले म्हणे. किस्सा खरा असो वा नसो, मर्म त्यात आहे. ही गोडी खाऊच्या डब्यासारखी होत नाही, कारण तिला चहूबाजूंनी विरोध होत राहतो. बर्गमोट आंबट-कडवट, चामड्याची छटा धुरकट, जवादीची प्राणिज, आयरिसच्या मुळाची पावडरीसारखी कोरडी. तळाशी लोबान आणि ओपोपॅनॅक्स. हा शेवटचा म्हणजे हिराबोळाच्या जातीचा, पण अधिक गोड वासाचा डिंक. एकोणिसाव्या शतकात सोमाली किनाऱ्यावरचे असे डिंक एडनमार्गे मुंबईच्या बाजारात येत, इथे निवडले जात आणि मग युरोपकडे रवाना होत. हिंदुस्थानाशी या कुपीचा खरा व्यवहार बागेपेक्षा अशा गोदामांतून आणि शालींच्या गठ्ठ्यांतून झाला.

१९२५ नंतर शालिमारचा स्वतःचा वंश वाढला. १९६५ मध्ये जाक यांचा नातू जाँ-पॉल याने त्याच धाग्यावर पुरुषांसाठी ‘अबी रूज’ रचले. इव्ह सँ लोराँचे ‘ओपियम’ १९७७ मध्ये आले, तेव्हा पूर्वेचे नाव घेऊन मादकता विकण्याची परंपरा पन्नाशी ओलांडून गेली होती. अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या लोकांनी त्या नावाविरुद्ध निदर्शने केली. या साऱ्या कुळाला सुगंधव्यवसाय ‘ओरिएंटल’ म्हणत असे. सुगंधांचे वर्गीकरण करणारे मायकल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये ती संज्ञा सोडून ‘अँबर’ स्वीकारली. गेर्लाँची पेढीही १९९४ मध्ये एलव्हीएमएच या उद्योगसमूहाकडे गेली.

कुपीतला द्रवही बदलत आला आहे. बर्गमोटच्या तेलातल्या बर्गाप्टेनमुळे उन्हात त्वचेवर डाग पडतात, म्हणून ते काढून टाकलेले तेल वापरात आले. जवादी मांजराच्या स्रावाची जागा कृत्रिम द्रव्यांनी घेतली. जुन्या रचना जशाच्या तशा हुंगता याव्यात म्हणून १९९० मध्ये व्हर्सायला ‘ओस्मोतेक’ नावाचा सुगंधांचा दप्तरखाना उभा राहिला. अस्सल शालिमार कोणते, १९२५ चे की आजचे, हा वाद रसिकांत चालतच असतो. पण आपण चालून आलो ती वाट पाहता, १९२५ चे शालिमारही आधीच्या बदलांनीच घडले होते. जिकीचा आराखडा नसता तर ते झालेच नसते. टिकून राहिली आहे ती एक झुंज, बर्गमोटच्या गारव्याची आणि व्हॅनिलाच्या उबेची. ती जोवर मनगटावर तासन् तास रंगते, तोवर तेलाचा कस आणि मालकाचे नाव कितीही बदलले तरी त्या सुगंधाला शालिमार म्हणायला हरकत नाही.